कोडी आमच्या घरात: आठ महिने वापरल्यावर

आमच्याकडे जुळे सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवायचं काम आहे. हॉलला लागून असलेल्या खोलीत पाच मशिनी, कामाला दोघीजणी आणि मी. दिवसभर कॉलर, खिसे, काजं-बटणं. घरात माणसं तीन: मी, आमचे हे आणि सासूबाई. मुलगा पुण्याला नोकरीला. टीव्हीवर कोडी नावाचं मीडिया सेंटर, म्हणजे आपल्याकडचे व्हिडिओ, फोटो, गाणी टीव्हीवर लावून दाखवणारं सॉफ्टवेअर, बसवायचं मी मनावर घेतलं ते कपाटातल्या चौदा व्हीएचएस कॅसेटींमुळे.

त्या कॅसेटींवर १९९८ सालचं आमचं लग्न, मुलाचं बारसं, नणंदेचं लग्न, मामंजींच्या भजनी मंडळाचे कार्यक्रम. एकीवर गड्ड्याची यात्रा आहे, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा. तिच्यात मामंजी पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालतायत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. सासूबाईंना ती यात्रा पुन्हा बघायची होती आणि आमचा व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला होता. कॅसेटींच्या कडेला पांढरी बुरशी दिसायला लागली तेव्हा मी घाबरले आणि एका स्टुडिओत नेऊन सगळ्यांच्या डीव्हीडी करून घेतल्या. त्यांनी एका पेनड्राइव्हवरही सगळं भरून दिलं.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तर समोर नुसत्या आकड्यांच्या फायली. कोणतं लग्न कुणाचं ते उघडल्याशिवाय कळेना. एक फाइल उघडली, अंतरपाट धरलेला, दुसरं मंगलाष्टक चालू, आणि स्क्रीन काळी. फाइल संपली. डीव्हीडीवर व्हिडिओ एकेक जीबीच्या तुकड्यांत ठेवलेला असतो हे मला मागाहून कळलं. पुढचा तुकडा शोधेपर्यंत सासूबाई उठून देवघरात गेल्या होत्या.

त्याच्या आधी आमच्या ह्यांनी एका दुकानातून टीव्हीला लावायची एक पेटी आणली होती. दुकानदाराने सांगितलं, ह्यात कोडी भरून दिलंय, सगळे सिनेमे, सगळी चॅनेल, आयुष्यभर फुकट. दोन महिने चाललं. मग एकेक यादी रिकामी व्हायला लागली, नाव दाबलं की गोल फिरत राहायचं, आणि मधूनच नको त्या जाहिराती. सासूबाई हॉलमध्ये बसलेल्या असताना तसलं काही टीव्हीवर आलं त्या दिवशी मी ती पेटी काढून ठेवली. त्यामुळे मुलाने फोनवर कोडीचं नाव काढलं तेव्हा मी त्याला सरळ नाही म्हणाले. तो म्हणाला, "आई, कोडीचा काही दोष नाही त्यात. कोडी रिकामं येतं. दुकानवाल्याने त्यात चोरीचा माल भरला होता."

हे मी सगळ्यात आधी लिहितेय, कारण आपल्याकडे पुष्कळ लोकांना कोडी म्हणजे फुकट सिनेमे एवढंच माहीत आहे. कोडी बनवणारे लोक स्वतःच सांगतात की आम्ही आत काहीही भरून देत नाही, आणि असल्या भरलेल्या पेट्यांशी आमचा संबंध नाही. कोडी म्हणजे मांडणीचं कपाट आहे. तुमच्याकडे जे स्वतःचं आहे, म्हणजे घरचे व्हिडिओ, विकत घेतलेल्या डीव्हीडी, फोटो, गाणी, ते टीव्हीवर चित्रांसकट, नावानिशी लावून दाखवायचं काम ते करतं. सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे आणि मुक्त परवान्याचं आहे, म्हणजे त्याचा कोडही कुणालाही बघता येतो. सुरुवात एक्सबॉक्स नावाच्या गेमच्या यंत्रासाठी झाली, तेव्हा नाव होतं एक्सबीएमसी. २०१४ साली ते बदलून कोडी केलं. सासूबाईंनी नाव ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "कोडी म्हणजे वीस नग ना गं?" जुन्या कापडवाल्यांच्या भाषेत तसंच आहे, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात हे नाव कुणी विसरलं नाही.

खर्च करायच्या आधी मी कोडी आमच्या ऑर्डरी लिहायच्या लॅपटॉपवर टाकून आठवडाभर वापरून बघितलं. नवीन माणसाला माझं पहिलं सांगणं हेच: आधी घरात असेल त्या कॉम्प्युटरवर चालवून बघा, एक पैसा लागत नाही. तुमच्याकडे अँड्रॉइडचा टीव्ही असेल तर प्ले स्टोअरमधूनही मिळतं. आमचा टीव्ही ४३ इंची, पण त्याच्यात ती सोय नाही. म्हणून दिवाळीत रास्पबेरी पाय ४ घेतला. साबणाच्या वडीएवढा छोटा कॉम्प्युटर असतो तो, ४ जीबी रॅमवाला घेतला. त्याच्यावर विंडोज वगैरे काही नाही. लिब्रेईलेक नावाची एक छोटी सिस्टीम टाकायची, ती फक्त कोडी चालवायलाच बनवलेली आहे. वीज दिली की अर्ध्या मिनिटाच्या आसपास थेट कोडीच समोर येतं. बोर्ड, चार्जर, ॲल्युमिनियमची केस, ३२ जीबीचं कार्ड आणि केबल धरून आम्हाला साडेनऊ हजारांच्या आत पडलं. २ टीबीची हार्डडिस्क वेगळी.

खरेदीत माझ्या दोन चुका झाल्या, त्या तुमच्या होऊ नयेत. पाय ४ ला एचडीएमआयचं मोठं तोंड नसतं, मायक्रो असतं. दुकानातल्या पोराने मिनी एचडीएमआयची केबल दिली. दोन्ही नावं सारखी वाटतात, केबल बसत मात्र नाही. घरी आणून दोनदा दाबून बघितली आणि दुसऱ्या दिवशी परत नवी पेठ. मायक्रो म्हणूनच मागा, आणि बोर्डावरच्या दोन तोंडांपैकी चार्जरच्या जवळच्या तोंडात लावा. दुसरी चूक चार्जरची. मोबाइलचा टाइप-सी चार्जर बसतो म्हणून तोच लावला. चालू झालं, पण कोपऱ्यात पिवळी वीज चमकल्याचं चिन्ह यायचं आणि हार्डडिस्क जोडली की सगळं बंद पडून परत सुरू व्हायचं. तीन संध्याकाळी मी हार्डडिस्कच बिघडली समजून बसले होते. ते चिन्ह म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा ठरलेला चार्जर आणला आणि त्या दिवसापासून एकदाही बंद पडलं नाही.

बसवायचं काम मात्र सोपं निघालं. लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात मीडिया प्लेअरच्या यादीत लिब्रेईलेक असतं, ते निवडून कार्डावर लिहून घेतलं. कार्ड घातलं, वीज दिली. पहिल्या वेळी ते स्वतःच कार्डाची जागा वाढवून घेतं आणि एकदा बंद होऊन सुरू होतं, तेवढं थांबायचं. मग वाय-फायचा पासवर्ड विचारतं. पुढे सांबा चालू करायचं का असं येतं, त्याला हो म्हणा. त्याने पुढे लॅपटॉपवरून वाय-फायनेच फायली टाकता येतात, हार्डडिस्क सारखी काढ-घाल करावी लागत नाही.

आणि मग रिमोट. मी वेगळा रिमोट किंवा माऊस घ्यायच्या विचारात होते. मुलगा म्हणाला, टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू कर. प्रत्येक कंपनीने त्याला आपलं नाव दिलंय: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ते चालू केलं आणि टीव्हीच्या त्याच रिमोटच्या बाणांनी कोडीतली निळी पट्टी वरखाली व्हायला लागली. मी रिमोट सासूबाईंच्या हातात दिला. वर, खाली, ओके, मागे. चारच बटणं. ७८ वर्षांच्या बाईला नवीन काही शिकावं लागलं नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी पाचपैकी पाच तारे देईन. सेटिंगमध्ये काही टाइप करायचं असेल तेव्हा मात्र रिमोटने अक्षरं शोधत बसू नका. कोडीवाल्यांचंच कोरे नावाचं ॲप मोबाइलवर घ्या आणि कोडीच्या सेवांच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीवरून कंट्रोल करायची परवानगी चालू करा, मग मोबाइलच्या कीबोर्डवरून लिहिता येतं.

आता खरं काम. आमच्या धंद्यात कापलेल्या कापडाच्या गठ्ठ्याला चिठ्ठी लावतात: शाळा, इयत्ता, साइज, नग. चिठ्ठी पडली की तो गठ्ठा अनाथ. तिसरीचा शर्ट की चौथीचा, हे कापडाकडे बघून सांगता येत नाही. कोडीत फाइलीचं नाव म्हणजे ती चिठ्ठी. सिनेमाचं नाव, एक जागा सोडून, कंसात साल, एवढं रोमन लिपीत नीट लिहिलं, की कोडी टीएमडीबी नावाच्या माहितीच्या साठ्यात जाऊन पोस्टर, कलाकार, गोष्ट सगळं स्वतः घेऊन येतं. साल विसरू नका. एकाच नावाचे सिनेमे दोन-दोन, तीन-तीन असतात आणि साल नसेल तर ते अंदाजाने भलताच उचलतं. मालिकांना सीझन आणि भागाचा नंबर लागतो, एस०१ई०१ असा. सिनेमे एका फोल्डरात, मालिका दुसऱ्यात, घरचं तिसऱ्यात. एकत्र कालवू नका. मी दोन रविवार बसून आमच्या विकतच्या डीव्हीडींवरून उतरवलेल्या साठेक फायलींना नावं दिली. कंटाळवाणं काम आहे, पण ह्याच्यात जेवढं लक्ष घालाल तेवढं पुढे सुख. कोडी बिघडलंय, सिनेमे दिसत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या ज्या दोन घरी मी जाऊन बघितलं, तिथे दोन्हीकडे फायलींची नावंच धड नव्हती.

नावं देऊन झाली की व्हिडिओंमध्ये फायली, तिथे ते फोल्डर जोडायचं, आणि ह्या फोल्डरात काय आहे असं विचारतं तिथे चित्रपट की मालिका ते सांगायचं. नवी फाइल टाकली की ती आपोआप दिसतेच असं नाही. सेटिंगमध्ये सुरू होताना लायब्ररी अपडेट करा असं एक बटण आहे, ते चालू करून ठेवा.

घरचे व्हिडिओ मी पहिल्यांदा चित्रपट म्हणूनच जोडले. ती मोठी चूक. आमच्या लग्नाच्या फाइलीवर कुठल्या परदेशी सिनेमाचं पोस्टर येऊन बसलं, कुणी तरी बंदूकवाला. मामंजींच्या भजनावर दुसरंच कुणी. मला ते बघवलं नाही, तेव्हाच्या तेव्हा काढून टाकलं. घरच्या व्हिडिओंच्या फोल्डरला काही नाही हाच पर्याय द्यायचा, म्हणजे ते कुठे शोधायला जात नाही. मग प्रत्येक कार्यक्रमाचं वेगळं फोल्डर केलं आणि त्यात फोल्डर डॉट जेपीजी ह्या नावाने एकेक फोटो ठेवला. कोडी तोच फोटो मुखपृष्ठासारखा दाखवतं. फोटो मी व्हिडिओतूनच उचलले आणि मोबाइलवर त्यांच्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं: आमचं लग्न. बाळाचं बारसं. मामंजी, गड्डा. फाइलीचं नाव इंग्रजी असलं तरी सासूबाईंना वाचायला मराठी मिळालं. ही फोल्डरं आवडत्या यादीत टाकली. आता त्या स्वतः उघडतात, मला मशिनवरून उठावं लागत नाही.

तुकड्यांचा प्रश्न मेकएमकेव्ही नावाच्या सॉफ्टवेअरने सुटला. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी घातली की ते सगळे तुकडे जोडून एक सलग फाइल बनवतं. चित्राला धक्का लावत नाही, जसंच्या तसं फक्त नव्या डब्यात ठेवतं. अंतरपाट धरला तिथून टाळ्या आणि अक्षतांपर्यंत आता सलग चालतं.

आणि गड्ड्याची कॅसेट. पहिल्यांदा लावली तेव्हा मामंजी स्थिर उभे असताना चित्र चांगलं, आणि ते चालायला लागले की बाराबंदीच्या कडांना फणीचे दात फुटल्यासारखे आडवे पट्टे. हात हलला की हाताला दात, नंदीध्वजाच्या काठीला दात. मला वाटलं बुरशीने कॅसेट खाल्ली, आता हे असंच राहणार. तसं नव्हतं. त्या काळचा व्हिडिओ एक ओळ सोडून एक ओळ असा दोन वेळा काढलेला असतो, आधी एका आड एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या टीव्हीवर ते बरोबर दिसायचं. नवा टीव्ही दोन्ही वेळच्या ओळी एकदम दाखवतो, आणि मधल्या क्षणात माणूस पुढे सरकलेला असतो, म्हणून दात. व्हिडिओ चालू असताना ओके दाबून चाकाचं चिन्ह, व्हिडिओ सेटिंग, तिथे डीइंटरलेस आहे. ते चालू केलं आणि पट्टे गेले. बाराबंदीची शिवण दिसायला लागली. खांद्यावरची सुरकुती, छातीवर बांधलेले बंद. मी शिवणकाम करणारी बाई, माझं लक्ष आधी तिथेच जातं.

त्याच ठिकाणी व्ह्यू मोड म्हणून पर्याय आहे. आमच्या सगळ्या कॅसेटी जुन्या चौकोनी आकाराच्या, नव्या टीव्हीवर त्या ताणून बसवल्या की सगळी माणसं जाडी आणि बुटकी दिसतात. ताणलेलं नको, नॉर्मल करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. माणसाचा चेहरा त्याचा असला पाहिजे. सासूबाई त्या दिवशी म्हणाल्या, "आता दिसले बघ हे." कॅमेरा पुढे संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याकडे वळेपर्यंत त्या बोलल्या नाहीत.

आवाजाचं थोडं सविस्तर सांगते, कारण वयस्कर माणसं असलेल्या प्रत्येक घरात हा त्रास आहे. नवीन सिनेमांत गाणी आणि मारामारी कानठळ्या बसवणारी आणि बोलणं पुटपुटल्यासारखं. सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं, त्या आवाज वाढवायला सांगायच्या आणि पुढच्याच क्षणी गाडी उडाली की दचकायच्या. सिनेमाचा आवाज पाच स्पीकर आणि एक घुमणारा डबा अशा हिशोबाने बनवलेला असतो आणि बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतं. टीव्हीला स्पीकर दोनच. कोडीच्या सिस्टीम, ऑडिओ ह्या सेटिंगमध्ये चॅनेलची संख्या २.० करा. तिथे ५.१ ठेवलं असेल आणि स्पीकर दोनच असतील तर बोलणं हरवू शकतं. सेटिंगच्या पडद्यावर खाली डावीकडे चाकाचं चिन्ह आहे, ते बेसिकवरून ॲडव्हान्स्ड होईपर्यंत दाबा, म्हणजे लपलेले पर्याय दिसतात. त्यात डाउनमिक्स करताना, म्हणजे जास्त स्पीकरांचा आवाज दोनांत बसवताना, मूळ आवाज कायम ठेवा अशा अर्थाचं एक बटण आहे, ते चालू करा. तरीही कमी वाटलं तर सिनेमा चालू असताना ऑडिओ सेटिंगमध्ये व्हॉल्यूम ॲम्प्लिफिकेशन थोडं वाढवा. मी बारा डेसिबलवर ठेवलंय. फक्त पासथ्रू चालू असेल तर हे वाढवणं लागू होत नाही.

पासथ्रू म्हणजे आवाज जसाच्या तसा बाहेरच्या ॲम्प्लिफायरकडे पाठवायचा. होटगी रोडला दिरांकडे ५.१ चा रिसीव्हर आहे, त्यांच्याकडे मी ते चालू करून दिलं. तिथे तो रिसीव्हरच डॉल्बी आवाज सोडवतो आणि पाचही स्पीकर वाजतात. तुमच्याकडे तसला रिसीव्हर नसेल तर ते बटण बंदच ठेवा, नाहीतर काही सिनेमांना आवाजच येणार नाही.

सिनेमात कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं, ते प्लेअरच्या सेटिंगमधल्या रिफ्रेश रेटने थांबतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, आपल्या जुन्या कॅसेटी २५ चित्रांच्या, टीव्ही ६० वेळा पडदा बदलतो, हिशोब जुळत नाही. ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट हे सुरू आणि बंद होताना असं ठेवलं की टीव्ही स्वतःला व्हिडिओप्रमाणे जुळवून घेतो. सुरू होताना क्षणभर पडदा काळा होतो, ते तसंच असतं.

आता सोलापूरचं म्हणून जे आहे ते. ऊन आणि लाईट. मी तो रास्पबेरी पाय आधी टीव्हीखालच्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवला होता, धूळ लागू नये म्हणून. हिवाळ्यात काही नाही. एप्रिलमध्ये दुपारी सिनेमा मधेच हळू व्हायला लागला. कोडीत सिस्टीम इन्फॉर्मेशनमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसतं, तिथे ८१ अंश. हा बोर्ड ८० च्या पुढे गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणजे बिघाड नव्हता, बिचारा गुदमरला होता. बाहेर ४२ अंश आणि बंद काचेच्या आत तो. शोकेसमधून काढून टीव्हीच्या मागे भिंतीला मोकळ्या हवेत लावला, ॲल्युमिनियमची केस होतीच, ती स्वतःच उष्णता बाहेर टाकते. त्यानंतर मे महिन्यातही ६५ च्या वर गेला नाही. पंखा असलेली केस मी घेतली नाही, कारण आमच्याकडे कापसाचे तंतू हवेत असतात, पंख्यात आधी तेच जाऊन बसले असते. गिरणी, माग, शिलाई ह्यांपैकी काही घरात असेल तर बिनपंख्याची केसच घ्या.

लाईटचं असं की वळीव सुरू झाला की संध्याकाळी वारं सुटतं आणि लाईट जाते. चालू असताना वीज गेली तर कार्डावरचं लिखाण बिघडू शकतं. आमचं एकदा बिघडलं, मे महिन्यातच. परत चालू केलं तर सुरू होईना. कार्ड नव्याने लिहावं लागलं. पण मी त्याच्या आठवडाभर आधी लिब्रेईलेकच्या सेटिंगमधून बॅकअप काढून लॅपटॉपवर ठेवला होता, तो परत टाकला आणि पाऊण तासात सगळं पूर्वीसारखं, आवडती यादी, कुठला सिनेमा कुठपर्यंत बघितला ते सुद्धा. बॅकअप त्याच कार्डावर ठेवून उपयोग नाही, बाहेर काढून ठेवा. आता ते सॉकेट आम्ही इन्व्हर्टरवर घेतलंय. आणि बंद करताना थेट बटण न दाबता कोडीच्या पॉवरच्या चिन्हावरूनच बंद करायचं, हे सासूबाईंनाही शिकवलंय.

कोडीत नसलेल्या गोष्टी. नेटफ्लिक्स, प्राइम ह्यांची अधिकृत ॲप त्याच्यात नाहीत. लोक काही जुगाड करतात, ते आज चालतं उद्या बंद. पैसे भरून जे बघायचं ते टीव्हीच्या किंवा स्टिकच्या स्वतःच्या ॲपवरच बघा. गाण्यांची लायब्ररी फाइलीच्या नावाकडे बघत नाही, फाइलीच्या आतल्या टॅगकडे, म्हणजे आत लिहिलेल्या गायकाच्या, गाण्याच्या नावाकडे बघते. मामंजींच्या भजनांच्या ऑडिओ कॅसेटी एमपी३ करून टाकल्या तर सगळी भजनं एका अनोळखी गायकाच्या नावाखाली गेली. एमपी३टॅग नावाच्या सॉफ्टवेअरने एकेक टॅग भरावा लागला, अजून निम्मी राहिलीयत. तिसरं, बाहेरची ॲड-ऑन, म्हणजे कोडीला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, फार भरू नका. २०२१ च्या आवृत्तीत कोडीने ॲड-ऑन लिहायची भाषा पायथन ३ केली तेव्हा ज्यांनी बदल केले नाहीत अशी कितीतरी ॲड-ऑन एका दिवसात बंद पडली होती. मी कोडीच्या स्वतःच्या भांडारातलीच दोन-तीन ठेवलीयत.

घरात तीन-चार टीव्ही असतील आणि सगळ्यांवर एकच साठा बघायचा असेल तर जेलीफिन किंवा प्लेक्स बघावं. त्यात एक कॉम्प्युटर सतत चालू ठेवून त्याच्यावरून सगळीकडे पाठवतात. प्लेक्सही मुळात कोडीच्याच जुन्या कोडमधून निघालेलं आहे. आम्हाला एका टीव्हीसाठी ती यातायात नको होती.

सासूबाई रात्री अर्ध्या सिनेमात झोपतात. दुसऱ्या दिवशी तोच सिनेमा उघडला की कोडी विचारतं, कालच्या जागेपासून लावू का. बघून झालेल्यावर बरोबरची खूण येते. शेजारच्या पद्मशाली अक्का दुपारी येतात, त्यांच्या तेलुगू सिनेमांच्या डीव्हीडीही मी उतरवून वेगळ्या फोल्डरात लावून दिल्या. त्या दोघी मिळून बघतात, एकीला तेलुगू येतं, दुसरीला नाही, पण अक्का मधेमधे सांगत असतात.

एकूण बसवायला मला तीन रविवार गेले, त्यातले दोन नावं देण्यात. साडेनऊ हजार आणि हार्डडिस्क, त्यानंतर महिन्याला काही भरावं लागत नाही. ज्यांच्याकडे स्वतःचं साठवलेलं काही आहे त्यांनी बेलाशक घ्या. ज्यांना फक्त नवीन सिनेमे बघायचेत त्यांना ह्याचा काही उपयोग नाही, त्यांनी पैसे घालू नयेत. मी साडेचार तारे देते. अर्धा कापला तो सेटिंगचे चांगले पर्याय ॲडव्हान्स्डच्या मागे लपवून ठेवल्याबद्दल. आवाजाचं ते बटण पहिल्याच पानावर हवं होतं.

एक काम गेल्या आठवड्यात केलं. हार्डडिस्क एकच होती, आणि कॅसेटी तर आता चालणाऱ्या राहिल्या नाहीत. दुसरी तेवढीच हार्डडिस्क आणली, रात्रभर लावून सगळं तिच्यावर उतरवलं, आणि युनिफॉर्मच्या कापडात गुंडाळून, वर चिठ्ठी लावून, नणंदेच्या घरी अक्कलकोटला ठेवून आले. चिठ्ठीवर लिहिलंय: मामंजी, गड्डा, लग्नं, भजनं, १४ कॅसेटी.